दोन विटा

सर्जनने कागदावर काढून दाखवलं होतं:
अन्ननलिका ही अशी, ती काढायची,
आणि जठर वर ओढून
छातीत, काळजाच्या शेजारी बसवायचं.
मी म्हटलं, डॉक्टर,
चाळीस वर्षं सगळं पोटात ठेवत आले,
आता ते कुठे ठेवू?
त्याला वाटलं मी जेवणाचं विचारतेय.
"थोडं थोडं," तो म्हणाला, "दिवसातून आठ वेळा."

तेव्हापासून मी बसून झोपते.
बोमेटच्या टेकडीवर, बायकांच्या वॉर्डात, खिडकीपाशी,
बरगड्यांत एक नळी, पोटात एक, नाकात एक.
नवरा भेटायला आला तेव्हा
कुठल्या बाजूनं जवळ यावं ते त्याला कळेना.
उभाच राहिला, टोपी फिरवत.

शेजारच्या खाटेवर तापकिगेन आजी,
माझ्याहून नऊ दिवस जुनी.
नऊ दिवस म्हणजे काय ते तिथंच कळतं:
ती उठून संडासापर्यंत जायची
आणि मी तिच्याकडे बघायची
परदेश पाहून आलेल्या माणसाकडे बघावं तशी.
"उशी छातीशी धर नि खोक," ती म्हणायची.
"चहाच्या टोपल्या वाहिलेल्या बाईला
टाके घाबरतात."
खोटं होतं. टाके कुणालाच घाबरत नाहीत.
पण मी खोकले.

आमच्याकडे एकदा 'पोले' म्हटलं
की 'वाईट वाटलं'.
दोनदा म्हटलं की 'सावकाश'.
मळ्यातले लोक येऊन एकदा म्हणून जायचे.
वॉर्डातल्या बायका
दोनदा म्हणायच्या.

गुरुवारी झकायो अराप मोसोनिक यायचा,
पूर्वी नाकुरूपर्यंत ट्रक चालवणारा,
ऑपरेशनला तीन वर्षं झालेला.
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली भोकं दाखवायचा:
हे जुलैतलं, हे सप्टेंबरातलं,
आणि इथून, बघा, उलटा प्रवास सुरू.
बायकांच्या वॉर्डात पुरुष नको, सिस्टर ओरडायची.
मग तो दारातूनच शर्ट वर करायचा.
बगलेखालून पाठीकडे गेलेला व्रण,
मळ्यातल्या पायवाटेसारखा,
रोज चालून चालून गुळगुळीत झालेला.

विसाव्या दिवशी चमचाभर मुर्सिक,
तुंब्यात आंबवलेलं राखाडी दूध.
दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो,
मी तर जन्मभर उकळता चहा
न फुंकता प्यायले,
आणि आता त्या गार, आंबट चमच्यावर
इतका वेळ फुंकर घालत बसले
की तापकिगेन हसली,
हसताना तिचे टाके दुखले,
आणि तिनं मला आईवरून शिव्या दिल्या.

घरी आले. रात्री आडवी झाले की
पित्त घशाशी.
झकायोला फोन केला. अडीच वाजले होते.
"सपाट खाटेवर झोपलीस ना?" एवढंच विचारलं त्यानं.
सकाळी भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आला,
मांडीवर गोणपाटात गुंडाळलेल्या दोन विटा.
खाटेच्या उशाकडच्या पायांखाली सरकवल्या,
गुडघे झाडले, चहा नको म्हणाला,
मग घेतला,
निवेपर्यंत थांबून.

तो गेल्यावर मी वाकून पाहिलं.
विटेच्या कडेला खिळ्यानं कोरलेली नावं:
एलिजा. त्याखाली टेकला. त्याखाली झकायो.
आधीची दोघं कशी आहेत?
फोन हातात घेतला होता.
ठेवून दिला.

खिळा मात्र मुलाकडून मागून घेतलाय.
घड्याळाजवळ असतो.
आज सकाळी अर्धी वाटी नाचणीची पेज,
आणि अकराला पुन्हा.
नाव काय, कधीही कोरता येईल.