कॅमेऱ्याच्या खाली

मोनाप्पा घाड्याच्या गोठ्यात रात्री दिवे हिंडतात,
ही बातमी खानापुरात माझ्या दुकानी पोचली
तेव्हा मी कुणाच्या तरी डीव्हीआरची धूळ फुंकत होतो.
कॅमेरा मीच बसवलेला, दोन वर्षांची गॅरंटी,
म्हणजे भुताची जबाबदारीही माझीच.

जांबोटीच्या अलीकडं, डाव्या हाताला गाव.
चित्रफीत सगळ्यांच्या मोबाईलवर आधीच पोचलेली:
काळ्यावर पांढरे दोन ठिपके, शेजारी शेजारी,
कमरेएवढ्या उंचीवर.
पेटतात, थांबतात, एकदम विझतात, परत पेटतात.
कोपऱ्यात वेळ, दोन वाजून अकरा.
कुणी म्हणालं देवचार. कुणी म्हणालं ड्रोन.
हवालदार बसगौडा पानभर कन्नडात लिहून गेला,
खाली मोनाप्पानं मराठीत सही केली,
आत काय लिहिलंय ते त्यानं विचारलं नाही.

मी पहिल्यांदा घड्याळ बघितलं.
बसवतानाच माझ्या हातून पाच तास पुढं लागलेलं
(हे मी कुणाला सांगितलं नाही).
म्हणजे खरे नऊ वाजून अकरा.
भुताची वेळ गेली,
भांडी घासायची वेळ आली.

मग काचेवरचं कोळ्याचं जाळं पुसलं.
दुसऱ्या रात्री दिवे आलेच.
चोर्ल्याकडून वळणारे ट्रक? मधे आख्खी टेकडी.
काजवे? माघात कुठले काजवे.
सांबऱ्याला उतरणारं विमान? एक पोरगं म्हणालं,
आणि आम्ही सगळे कमरेएवढ्या उंचीवरून जाणारं विमान
मनात आणून हसलो.

तिसऱ्या रात्री सोप्यात मोनाप्पा आणि मी,
पुढ्यात टीव्ही, ताटात भाकरीचा तुकडा.
नऊ अकरा. दोन दिवे.
बॅटरी घेऊन धावलो.
भिंतीपलीकडं काहीतरी सरकलं. मांजर असंल, मी म्हणालो.
गोठ्याच्या टोकाला म्हैस, काळोखाइतकीच काळी,
रवंथ करत माझ्याकडं बघत होती.

आपल्याला न दिसणारा उजेड हा कॅमेरा टाकतो, मी समजावलं,
तिचे डोळे तो जसाच्या तसा परत करतात. एवढंच.
पापणी मिटली की विझतो.
मोनाप्पा "होय की" म्हणाला.
भिंतीवरच्या घड्याळाकडं मात्र दोनदा बघितलं त्यानं.
सकाळी गाव पोट धरून हसलं,
मला चहा पाजला, वर काजूची पिशवी दिली.

मलप्रभेच्या पुलावर आलो आणि गाडी थांबवली.
डोळे चमकतात ते कॅमेऱ्याकडं बघितलं तरच.
आणि ही म्हैस रात्रभर पाठ करून उभी असते,
सगळं रेकॉर्डिंग मी पळवून पळवून बघितलेलं.
नऊ अकराला मान वळवते. सात-आठ मिनिटं.
मग परत पाठ.
कॅमेऱ्यात तिला बघण्यासारखं काय आहे?

परत फिरलो.
कॅमेऱ्याला सगळा गोठा दिसतो,
त्याच्या खालची दोन हात जागा तेवढी दिसत नाही.
तिथं, भिंतीच्या बुडाला, बिडीची थोटकं
आणि शिजवलेले हुलगे, सांडलेले, मुंग्या लागलेले.
भिंत नवी, अजून गिलावा नाही.
वाटणीनंतर बांधलेली.

मोनाप्पानं माझ्या तळहातावरचे हुलगे बघितले.
एक दाणा चिमटीत धरून दाबला.
"मीठ घालून शिजवतो त्यो," म्हणाला,
"लहानपणापासनं तिला तसलेच लागतात."
मग खूप वेळ काही नाही.
"चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझी निघाली."

बिल विचारलं. गॅरंटीत आहे म्हणालो.
जाता जाता खरं सांगून टाकलं,
घड्याळ चुकलंय, पाच मिनिटांत बरोबर करून देतो.
"राहू दे की तसंच," मोनाप्पा म्हणाला,
"गाव दोनचं धरून बसलंय."

शिडी उचलली.
म्हैस आमच्याकडं पाठ करून उभी होती.