हेड गया

आधी वाटलं, पाल चुकचुकली.
ट्यूबलाइटमागे झाडू घालून पाहिला,
कणकेच्या डब्यामागे पाहिलं.
मग परत : टक्. टक्-टक्. आणि एक लांब सुस्कारा.
आवाज हिशोबाच्या लॅपटॉपमधून येत होता,
डाव्या बरगडीतून.

हा लॅपटॉप म्हणजे भंवरकुव्याच्या एका पोराच्या
दीड वर्षाच्या डब्यांची फेड.
'मावशी, पैसे नाहीत, हा ठेवा,' म्हणाला
आणि इटारसीला रेल्वेत लागला.
झाकणावर त्याचं स्टिकर अजून आहे : इस बार पक्का.

त्यात माझी अकरा वर्षं.
कुणाला कांदा चालत नाही, कुणाची एकादशी,
कोण दोन पोळ्या जास्त मागतो
आणि मागून झाल्यावर जिन्याकडे बघतो.

ओजसने बंगळुरूहून विचारलं, आत्या, बॅकअप?
मी गप्प. तोही गप्प.
बॅकअप म्हणजे काय ते मला त्या गप्पपणात कळलं.
म्हणाला, फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय सांगतात,
पण तू करू नकोस.

मी केला.
चष्म्याच्या पेचकसाने काढली,
दोन पिशव्यांत गुंडाळून एक रात्र मटारांशेजारी.
सकाळी वीस मिनिटं निमूट चालली.
२०१४ उघडलं. २०१५ उघडलं, जूनपर्यंत.
मग टक्.

सिल्व्हर मॉलमध्ये जुज़रभाईंनी ती कानाशी धरली,
डोळे मिटले.
'दीदी, हेड जा रहा है. अब घर पे चालू मत करना.
जित्ती बार चलाओगे, उत्ती खुरचेगी.'

परतताना रिक्षाभर तेच वाक्य.
नणंदेशी झालेलं एक भांडण
मी किती रात्री चालू केलंय, भांडी घासता घासता,
आता त्यातले शब्दसुद्धा उरले नाहीत,
नुसता घासल्याचा आवाज.

नऊ दिवसांनी जे वाचलं ते पेन ड्राइव्हमध्ये मिळालं.
एकाही फाइलला नाव नाही, नुसते आकडे,
परीक्षेच्या हॉलमधल्यासारखे.
आत नावांच्या रकान्यात चौकोन, चौकोन, चौकोन.
शेरा मात्र शाबूत :

'वरण पातळ. दात काढलाय.'
'साबुदाणा नको, रडू येतं म्हणतो.'
'निकालापर्यंत गोड पाठवू नये.'
'निकाल लागला. गोड पाठवू नये.'
'४२०० बाकी. मागू नये.'

हा बेचाळीसशेवाला कोण?
तीन दिवस आठवत होते.
गोरा की सावळा, छावणीतला की विष्णुपुरीचा,
मागू नये असं मी का लिहिलं असेल?
लिहिणारीच सापडेना, तर खाणारा कुठून सापडणार.
दातवाला मात्र लगेच आला, गाल धरून,
नावाशिवाय, दारात उभा राहिला तसाच.

जुज़रभाईंनी आतली तबकडीही दिली,
तळहाताएवढी, आरशासारखी,
एका कडेला केसाइतका गोल ओरखडा.
ती मी बाल्कनीत दोऱ्याने टांगली,
कबुतरं घाबरतात म्हणून.

नाही घाबरत.
एक रोज येतं, तिच्यात स्वतःला बघतं,
मान वाकडी करतं
आणि तिथंच बसून राहतं, डबे भरून होईपर्यंत.

नव्या वहीत त्याचं खातं घातलंय.
नावाची जागा मोकळी.
शेरा : पोळीचे काठ चालतात.