पाच की सहा

इतवारीत, हातिमभाईंच्या दुकानात,
काउंटरवर दोन खोके.
पाच इंच. सहा इंच.
बाहेर मे महिना, वरचा पंखा
तीच गरम हवा परत खाली लोटतोय.
सहावाली घे बेटा, म्हणतात,
टेबल अर्ध्या वेळात निघून जाईल.

मी म्हणते, प्लग लावा. हातात धरून पाहते.
सहावाली सुरू झाली
आणि मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या.
जड म्हणावी तर तशी नाही.
पण तीच मला धरते,
मी तिला नाही.

लकडगंजात बाबांनी पस्तीस वर्षं घासलं
आलापल्लीचं सागवान. चौकटी, देव्हारे,
कुणाकुणाच्या लग्नातले पलंग.
त्यांच्या पॉलिशपेपरला नंबर होता, माप नव्हतं.
घडी घालायची अंगठ्याएवढी,
कुठे थांबायचं ते अंगठाच सांगायचा.
आता त्याच अंगठ्याला
कपाचा कानही धड कळत नाही,
आणि छातीतला भुसा
रात्री दोनला उठून बसतो.

म्हणून विचारते, भोकं किती?
हातिमभाई चष्मा पुसतात.
रंग विचारतात लोक, वॉरंटी विचारतात,
भोकं पहिल्यांदाच.
मग आम्ही दोघं बोट ठेवून मोजतो.
पाचच्या चकतीला आठ, सहाच्या चकतीला सहा.
कागदाचं भोक गादीच्या भोकावर बसलं
तर भुसा पिशवीत.
नाही बसलं, तर आपल्यात.
सहाच्या चकत्या?
मागवाव्या लागतील, आठ दिवस.
पाचच्या? ह्या काय, डबाभर.

मनात कामं मांडते.
बारा खुर्च्यांचे हात. एक पाळणा, गजांसकट.
धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाईंचं टेबल,
मोठं असं तेवढं एकच.
लागू दे त्याला एक दुपार जास्तीची.

पाचची आणली.
बाबा कूलरसमोरच्या खुर्चीतून बघत राहिले,
पाळण्याची फळी मऊ होत गेली,
पिशवी फुगत गेली,
ते खोकले नाहीत, किंवा मला ऐकू आलं नाही.
मशीन बंद केली तेव्हा म्हणाले,
"चाक गोल हाय.
कोपऱ्याचं काय करशीन?"

मी एकशेवीस नंबरचा तुकडा फाडून
त्यांच्या हातावर ठेवला.

घडी तिरकी गेली.
उलगडली.
पुन्हा घालतायत.