चारशे एकेचाळीस

आधी आम्ही नऊ होतो.
टीव्हीच्या झाकणाआडचं नववं बटण,
शेजारची बारीक चक्री नखाने फिरवून
मुंग्या घालवाव्या लागायच्या.

जेलरोडपासून उपनगर नाक्यापर्यंत
दगू पगारेने काळी वायर नेली
खांबांवरून, शेवग्यांवरून,
एके ठिकाणी देवळाच्या कळसाला वेढा देऊन.
पुजाऱ्याला जोडणी फुकट.

मालक वाल्मीक आव्हाड, सिन्नरचे, रेडिओ दुरुस्तीवाले.
नोटप्रेसच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे
आणि बरोबर साडेसातला म्हणायचे, "सोड."
मी सोडायचो.
एक बटण दाबायचं, एवढीच माझी नोकरी.

बातम्या शाहीन कोकणी वाचायची.
मागे निळी चादर, तिच्याच घरची,
कोपऱ्यात इस्त्रीचा डाग,
म्हणून आमचा कॅमेरा बारा वर्षं मागे सरकला नाही.
पहिल्याच आठवड्यात कुणीतरी फोनवर विचारलं,
हिला मराठी कुणी शिकवलं?
दुसऱ्या दिवशी, बाजारभावांनंतर,
तिने उत्तर वाचलं, बातमीच्याच आवाजात:
"आईने. चौक मंडईत, भाजी घेताना."

खाली पट्टी सरकायची.
हरवली आहे, तपकिरी शेळी, एक कान तुटका, मालधक्का.
उद्या पाणी एकच वेळ.
डॉक्टर बेदमुथा मंगळवारी नाहीत.
शेळी सापडली, आभार.

धरणातून किती क्युसेक सोडलं
ते सरकार सांगायचं.
क्युसेक कुणाच्या घरात शिरतो?
शाहीन सांगायची, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला.
तासाने, कमरेला.
ती 'छातीला' म्हणाली त्या रात्री
सराफ बाजारातली दुकानं डोक्यावर पेट्या घेऊन
चढ चढली, आणि चादरीवरचा डाग
पहिल्यांदाच सगळ्यांना दिसला,
कारण कॅमेरा धरणारा मी
खिडकीकडे बघत होतो.

मग नेटवर्कची माणसं आली.
'संलग्न' हा शब्द तोवर मी
फक्त कॉलेजच्या पाटीवर वाचला होता.
आव्हाडांनी चष्मा पुसून सही केली,
म्हणाले, नदी मोठ्या नदीला मिळायचीच.
दगू दारातून म्हणाला,
"गोदावरी कुणाला मिळत नाय साहेब. थेट समुद्राला जाते."
चहा आला, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

त्यांचा लोगो उजव्या कोपऱ्यात, सोनेरी, फिरता.
आमचा डावीकडे, मुंगीएवढा.
साडेसातचे सव्वादहा झाले, अर्ध्या तासाची सात मिनिटं.
पट्टीवर शेळ्या बंद.
एकदा नाशिकचं हवामान दाखवलं
ते कुठल्याशा दुसऱ्याच नदीसमोर,
घाट नाही, कुंड नाही, वर 'ढगाळ'.
शाहीनने ते पाहिलं, पर्स उचलली,
चादर घडी घालून नेली.
आता मालेगावला शाळेत भूगोल शिकवते.

पुढे नेटवर्कच दुसऱ्या नेटवर्कला संलग्न झालं.
डबा आला, नंबर आले,
आम्ही चारशे एकेचाळीस झालो;
हल्ली तिथे रात्रंदिवस
एक बाई कांदा कापायचं यंत्र विकते
आणि तिला रडू येत नाही.

पट्टीवरचा फोन नंबर मात्र
कुणाच्या डोक्यातून पुसला गेला नाही.
ती लाइन मी घरी घेतली. बिल मीच भरतो.
बायको कारण विचारत नाही,
फोन वाजला की फक्त टीव्हीचा आवाज कमी करते.

परवा रात्री अकराला एक थकलेला आवाज:
"नऊ नंबर का?"
हो म्हणालो.
"कुठवर आलंय?"

जेलरोड ते पंचवटी आठ किलोमीटर.
स्कूटर तीनदा बंद पडली.
पुलाच्या कठड्याला टेकून, टॉर्च मारून पाहिलं,
पुन्हा पाहिलं, खात्री केली,
त्यांचा नंबर लावला.
त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.
आणि मी, तोंड उघडून,
उगाच थांबलो क्षणभर,
कुणीतरी 'सोड' म्हणेल म्हणून.