सराव

ओझरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
द्राक्षांच्या पेट्या मोजत उभा राहतो सुधन्वा,
स्वेटरविना, मुद्दाम.
सराव करतोय, म्हणतो. हमाल हसतात.

घरी, सिडकोत, कणकेच्या डब्यामागे
आइसलंडचा हिशोब:
दोनदा बदलायचं विमान,
एक रात्र विमानतळाच्या बाकावर.
तिथलं वाटीभर सूप म्हणजे इथला आठवड्याचा भाजीपाला,
म्हणून मेतकूट, दशम्या,
आणि कुणीतरी वापरून विकलेले बर्फातले बूट,
एक नंबर मोठे.
मोजे दोन घालू, म्हणाली मंदाकिनी.

परवा निफाडला पारा घसरला.
पहाटेच निघाली दोघं स्कूटरवर,
कानटोप्या, थर्मास, तेच बूट.
बांधावर बसली.
पानापानावर दव गोठलेलं,
आणि बागेला ऊब म्हणून पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
वेलींवर तरंगत,
फटफटताना जरासा हिरवा,
हलला, दुमडला, पुन्हा उलगडला.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, असंच असेल का रे ते?
तो म्हणाला, फुकट नसेल, एवढं नक्की.

चहा ओतता ओतता
तिने बुटात बोटं हलवून पाहिली.
अजून जागा होती.