पाळ नसलेलं पाणी

तलावाच्या पाळीवर बसून मी बॅग धुते आहे.
बॅग भावाची. पोलीस भरतीला तीनदा जाऊन आलेली,
एका पट्ट्याला सुतळी.
उलटी झटकली तर कोपऱ्यातून वाळू निघाली,
कनकीहून बारीक,
आणि पाण्यात उतरून गेली
जशी काही इथलीच.

शिंगाड्याच्या वेलांत डोंगा थांबवून
फुलवंतामावशी विचारते,
"कसा रायते वं समुद्र?"
मी म्हणते, मोठा.
"आपल्या तलावाएवढा?"
मी म्हणते, त्याला पाळ नाही.
ती दोन-चार शिंगाडे तोडते, टोपल्यात टाकते.
मग म्हणते, "पाळ नाही तं मंग पानी थांबते कायले?"

हे मी विचारलंच नाही तिथं कुणाला.

डिलेश्वरी सातवीपर्यंत माझ्या बाकावर.
मग गोंदिया, मग नर्सिंग,
मग विशाखापट्टणम. एवढं लांब नाव
आमच्या टोल्यात कुणी घेत नाही.
"विशाखाकडं गेली" म्हणतात,
मावसबहिणीकडं गेल्यासारखी.

स्टेशनवर आली ती केस कापून.
बॅग माझ्याकडून ओढून स्वतःच्या पाठीवर घेतली,
रिक्षावाल्याशी तेलुगूत भांडली,
वीस रुपये कमी करवून
माझ्याकडं पाहिलं. पाहिलंस?

चार दिवस ती पुढं, मी मागं.
रोपवेत मी डोळे मिटले
तर ती खालच्या जहाजांची नावं सांगत सुटली,
कुठलं कुठं चाललंय, काय भरून.
बंदरावर चौघांनी मिळून उचललेला एक मासा पाहिला.
रोहू-कतल्यात जन्म गेलेला माझा बाप
मला तिथं एकदम लहान वाटला,
आणि राग आला, माशाचा.

किनाऱ्यावर एक पाणबुडी आणून ठेवलेली.
तिकीट काढून पोटात शिरायचं,
इकडून आत, तिकडून बाहेर.
मी म्हटलं, आपली तलावातली पाणबुडी बरी,
ढेकूळ मारलं की बुडते,
आपण इथं बघत असतो, ती निघते तिथं.
डिलेश्वरी हसली नाही.
"हिले आता बुडताच येत नाही," म्हणाली,
आणि लोखंडावर हात ठेवून उभी राहिली
मागचे लोक ढकलेपर्यंत.

आईनं ओल्या फडक्यात बांधून दिलेले शिंगाडे
शेवटच्या संध्याकाळी सोडले.
काटे मोडत, दातानं सोलत
तिनं एकटीनंच सगळे खाल्ले,
मला घे म्हटलंसुद्धा नाही.
सालं लाटेत फेकली.
लाट ती आणून पायाशी ठेवायची,
ही पुन्हा फेकायची.
कितीतरी वेळ दोघींचं तेच.

आता आतल्या कप्प्यात हाताला कागद लागतो,
भिजलेला, दवाखान्याच्या तक्त्याची पाठ.
अक्षर तिचं, अजून सातवीतलंच, उजवीकडं झुकलेलं.
रोपवे: कोणती बस? वॉर्डातल्या बाईले विचारणे.
दीपगृह: किती वाजता उघडते?
पाणबुडी: सोमवारी बंद राहते का?
रिक्षा: तग्गिंचंडी, म्हणजे कमी करा.
तग्गिंचंडी, तग्गिंचंडी. जोरात म्हणणे.
आणि अगदी खाली,
समुद्र: होस्टेलच्या मागून रस्ता जाते म्हणतेत.

दोन वर्षं झाली तिला तिथं.

"बरी हाये ना थे पोट्टी?"
मावशी डोंगा वळवता वळवता विचारते.
"तिकडचं समजते का तिले काही?"
मी म्हणते, अख्खं शहर पाठ आहे तिला.

कागद उन्हात पसरून वर दगड ठेवते.
बॅगेचा पट्टा पिळायला घेते.
सुतळी फुगली आहे,
गाठ काही सुटत नाही.