फ्रिस्क, नंबर सत्तेचाळीस

दवाखान्यात नर्सनं पुकारलं, "फ्रिस्क!"
आमच्या भाषेत याचा अर्थ धडधाकट.
मी काठी शोधली, खुर्चीचा हात धरला,
नव्या खुब्यावर भार न देता उठले.
शेजारचा म्हातारा मिशीत हसला.
मीही हसले. तो लिंडक्विस्ट,
म्हणजे लिंडनची डहाळी:
दीडशे किलोची डहाळी.

एकतीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं.
ल्युस्नान नदीच्या अलीकडची, पलीकडची,
सगळ्या पेट्यांवरची नावं मला पाठ.
बेर्गस्ट्रोम, डोंगर आणि प्रवाह,
राहतात बटाट्याच्या सपाट शेतात.
कुणा पणजोबानं शहरात जाताना
एका खिशातून एक शब्द काढला, दुसऱ्यातून दुसरा,
आणि बोटीत बसण्याआधी जोडून टाकले.
आंदेर्सन तर गल्लोगल्ली.
आंदेर्स गेला, त्याचा मुलगाही गेला,
"चा मुलगा" तेवढं उरलं,
पेटीवर, पितळी अक्षरांत.

माझं नाव रक्तातून आलं नाही.
झोपडीतून आलं.

कवायतीच्या मैदानात कप्तान ओरडायचा,
"आंदेर्सचा आंदेर्स!"
आणि अकरा जण पुढे यायचे.
मग फौजेनं नावं वाटली,
एका श्वासात हाक मारता येतील अशी:
ढाल. चपळ. निडर. गप्प.
चार शेतांनी मिळून एक शिपाई पोसायचा.
त्याला झोपडी, गाईपुरतं कुरण,
सालाचे ओट्स, एक कोट,
आणि नाव.
नाव झोपडीचं. माणूस बदलायचा.

चर्चच्या वहीत माझी बोटं काळी झाली.
"पोल एर्सन फ्रिस्क. फिनलंडात, तापानं. वय सव्वीस."
धडधाकट तापानं गेला.
पाद्र्याचा हात कुठे थरथरलेला दिसत नाही.

त्याची बायको केर्स्टिन.
हिवाळ्याआधी झोपडी रिकामी करायची, असा कायदा.
गाय कायद्यात बसत नव्हती,
दोन पोरं तर नव्हतीच नव्हती.
मग वाटेवरून योन्स आला,
रुंद खांद्यांचा, दुसऱ्याच गावचा,
मेलेल्याचा कोट अंगात.
बाह्या मनगटाच्या वर राहिल्या.
नाव मात्र बेतून शिवल्यासारखं बसलं.

केर्स्टिननं काय विचार केला, वहीत नाही.
एवढंच आहे की ईस्टरनंतर लग्न लागलं,
आणि ज्या चुलीपाशी ती एका फ्रिस्कला ताट वाढायची
त्याच चुलीपाशी दुसऱ्याला वाढू लागली.
कधी हाक मारताना जीभ अडखळली असेल का?
अडखळायचं कारणच नव्हतं, हाक तीच.
रात्री, अंधारात, ती कुणाला हाक मारत होती
हे तिला तरी ठाऊक असेल का?

दोन फ्रिस्कांच्या मधल्या वर्षात एक मूल झालं.
बापाच्या रकान्यात नुसतं "फ्रिस्क".
पाद्र्यानं खोटं लिहिलं नाही.
मी त्या मुलाच्या वंशातली.

तिचं स्वतःचं नाव तेवढं
पानामागून पान तसंच चालत राहिलं:
केर्स्टिन ओलोफ्सदोत्तर, ओलोफची मुलगी.
ते फौजेनं दिलं नव्हतं,
म्हणून परत मागायला कुणी आलं नाही.
ते पुढे कुणाला गेलंही नाही.

सप्टेंबरात भाचा मला गाडीतून घेऊन गेला.
झोपडीच्या जागी पायाचे चार दगड,
आणि कुणीतरी लावलेली रेवाचिनी,
अजून फुटते, कुणी न खुडता.
एका दगडावर काहीतरी कोरलेलं होतं.
काठीच्या टोकानं शेवाळ खरवडलं,
मग खाली बसता येईना म्हणून
भाच्याला बसवलं, त्याच्या नखांनी खरवडवलं.
मला वाटलं, आता नाव दिसेल.

सत्तेचाळीस.

नुसता आकडा.
भाचा म्हणाला, "आत्या, निघायचं?"
म्हटलं, थांब जरा.
पाय भरून आलाय.